शेंड्यातलं नेमकं काय? कोवळ्या कोंबात वाढीचं संप्रेरक कुठे बनतं ते स्वतः शोधण्याची रीत

"वाढीचं संप्रेरक कुठे तयार होतं?" या प्रश्नाला परीक्षेत एका शब्दाचं उत्तर पुरतं: शेंड्यात. पण एखादा शेंडा खुडून तळहातावर घ्या आणि यातलं नेमकं कुठलं, असं स्वतःलाच विचारा. हातावर बोटभर लुसलुशीत खोड असतं. अर्धवट उलगडलेलं एक पान, त्याच्या पोटात दुमडलेलं दुसरं, त्याच्याही आत डोळ्यांना जेमतेम दिसणारे पिवळसर हिरवे कण. शिवाय प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक झोपलेला डोळा, म्हणजे पुढे फांदी होऊ शकणारी कळी. एवढ्या सगळ्याला मिळून आपण "शेंडा" म्हणतो. यातला कारखाना कुठला?

उत्तर आधीच सांगून टाकतो. ऑक्झिन, म्हणजे कोंबावर सर्वांत जास्त हुकमत गाजवणारं संप्रेरक, मुख्यतः शेंड्याला बिलगलेल्या अगदी कोवळ्या, वाढत्या पानांत बनतं. टोकाचा घुमट, जिथे नव्या पेशी जन्मतात, त्याचा वाटा त्या मानानं लहान. खोड ताणून लांब करणारं जिबरेलिन कोवळ्या पानांत आणि लांब होत असलेल्या पेरांत बनतं. डोळ्यांना उठवणाऱ्या सायटोकायनिनचा मोठा पुरवठा मुळांकडून येतो, पण ते शेंड्यातही बनतं, आणि शेंडा उडवला की खालच्या सांध्यांतही बनायला लागतं.

उत्तर कळलं तरी ते दिसलेलं नसतं. ते दिसावं म्हणून मी विद्यार्थ्यांकडून जे प्रयोग करून घेतो, त्यांची रीत पुढे दिली आहे. ती वरपासून खालपर्यंत क्रमानंच करा. पहिला टप्पा पंधरा मिनिटांचा आहे आणि तोच सगळेजण गाळतात.

जमवाजमव

घेवड्याच्या किंवा राजम्याच्या चाळीसेक बिया, गव्हाचे पन्नास-साठ दाणे, दहापट मोठं दाखवणारं भिंग, नवं ब्लेड, टोकदार चिमटा, ॲल्युमिनियमची फॉइल, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, न पुसणारं बारीक टोकाचं पेन, झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका. चौथ्या पायरीसाठी शुद्ध लॅनोलिन (लोकरीतून काढलेलं मेणचट स्निग्ध द्रव्य) आणि ऑक्झिन लागेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून इंडोल ॲसिटिक आम्ल किंवा नॅफ्थलीन ॲसिटिक आम्ल मिळालं तर उत्तम. नाहीतर छाट कलमांना मुळं फुटावीत म्हणून वापरतात ती पावडर चालते, तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं आणि तेही ऑक्झिनच. तीव्रता डब्यावर छापलेली असते, ती वहीत उतरवून ठेवा.

ब्लेड नवंच हवं. बोथट ब्लेडनं कोंब चिरडतो, चिरडलेला कोंब इथिलीन हे वायुरूप संप्रेरक सोडतो, आणि मग आपण कशाचा परिणाम मोजतोय हेच कळेनासं होतं.

पायरी १: शेंडा सोलून बघा

घेवड्याची दोन आठवड्यांची रोपं तयार असतील तर एकाचा बळी द्या. नसेल तर दुसऱ्या कुठल्याही मऊ खोडाच्या झाडाचा जोमदार शेंडा घ्या. ओल्या टिपकागदावर ठेवा आणि भिंगाखाली एकेक पान बाहेरून आत काढत जा. कांदा सोलतो तसं, पण चिमट्यानं.

पहिली दोन-तीन पानं सहज निघतात. त्यानंतरचं पान घडी घातलेलं असतं आणि त्याच्यावर दाट लव दिसते. ते काढलं की आत तांदळाच्या कणीहून लहान, ओलसर चमकणारे उंचवटे दिसतात. तीही पानंच आहेत, जन्माला येऊन थोडेच दिवस झालेली. त्यांच्या मधोमध जो घुमट असतो तो मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो. भिंगातून तो "दिसला" असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आपण एखादं पिल्लू-पान बघत असतो.

काढलेलं प्रत्येक पान ओळीनं मांडा आणि त्याची लांबी लिहा. आता त्या रांगेकडे बघून हे वाचा. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा वनस्पतीचे भाग वेगवेगळे करून कुठल्या भागात किती ऑक्झिन बनतं हे तपासलं. ऑक्झिन बनवण्याची ताकद कोवळ्या रोपाच्या सगळ्याच भागांत सापडली, अगदी बीजदलांत आणि मुळांतसुद्धा. पण सर्वांत जास्त ताकद होती ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान पानांत. पान मोठं होत गेलं तशी ती उतरत गेली. तुमच्या रांगेत उजव्या टोकाला असलेले जे कण तुम्ही जवळजवळ फेकून देणार होतात, तेच.

कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. त्यापासून आधी इंडोल पायरुव्हिक आम्ल आणि मग इंडोल ॲसिटिक आम्ल, अशा दोनच पायऱ्यांत मुख्य काम उरकतं. हा दोन पायऱ्यांचा मार्ग पक्का जुळायला २०११ साल उजाडावं लागलं. संप्रेरक हाती लागून तोवर पाऊणशे वर्षं होऊन गेली होती.

पायरी २: गव्हाचे कोंब, अंधार आणि टोप्या

हा प्रयोग जुना आणि मानाचा. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये गवताच्या कोंबांवर केलेल्या प्रयोगांचा हा घरगुती अवतार.

गहू सहा-आठ तास भिजवा. ओल्या वाळूत सेंटिमीटरभर खोल पेरा आणि पूर्ण अंधारात ठेवा. २५ अंशांच्या आसपास तापमान असेल तर तीन-चार दिवसांत फिकट पांढरे, सुईसारखे कोंब वर येतात. ही सुई म्हणजे पान नव्हे. पहिल्या पानावर निसर्गानं चढवलेली ती पोकळ नळी आहे, टोकाला बंद असलेली. तिला कोलिऑप्टाइल म्हणतात. कोंब दोनेक सेंटिमीटरचे झाले की कामाला लागा. उशीर केलात तर पान नळी फोडून बाहेर येतं आणि प्रयोग हातचा जातो.

अंधारात काम करायचं तर दिसणार कसं? लाल दिव्याच्या मंद उजेडात. प्रकाशाकडे वळण्यासाठी कोंब निळा प्रकाश ओळखतो, लाल प्रकाशात तो वळत नाही. टॉर्चवर लाल जिलेटिनचे तीन-चार थर बांधले तरी भागतं.

कोंबांचे चार गट करा, प्रत्येकात निदान दहा. पहिल्याला हात लावू नका. दुसऱ्याच्या टोकावर फॉइलची पाच मिलिमीटरची टोपी चढवा. टोपी कोंबावरच वळायला जाऊ नका. दाभणाच्या टोकावर फॉइल गुंडाळून टोपी आधी तयार करा आणि मग अलगद बसवा. तिसऱ्या गटाचं टोक उघडं ठेवून खालच्या भागाला फॉइलची नळी घाला. चौथ्याचं तीन मिलिमीटर टोक ब्लेडनं एका झटक्यात उडवा. मग खोक्याला एका बाजूला बोटाएवढं भोक पाडून सगळे कोंब आत ठेवा आणि भोकासमोर दिवा लावा.

दोन-तीन तासांत कल दिसू लागतो. पहिला आणि तिसरा गट दिव्याकडे झुकतो, टोपीवाला दुसरा ताठ राहतो. वाकण्याची जागा नीट पाहा: टोकात बाक पडत नाही, टोकाच्या खाली पडतो. म्हणजे उजेड ओळखतं टोक आणि वळतो खालचा भाग. मधे काहीतरी निरोप जातोय.

आता चौथा गट, आणि माझी एक फजिती. पहिल्यांदा हा प्रयोग लावला तेव्हा मी संध्याकाळी टोकं कापली आणि "उद्या सकाळी बघू" म्हणून घरी गेलो. सकाळी मुलांसमोर खोका उघडला, तर तुटक्या कोंबांतले कितीतरी दिव्याकडे वाकलेले! "टोक नाही तर वळण नाही" हे वाक्य मी आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. ते पुसावं लागलं.

चूक वेळेची होती. टोक कापल्यावर साधारण तीनेक तासांनी उरलेल्या बुंध्याचा वरचा भाग स्वतःच ऑक्झिन बनवायला लागतो. गादी रिकामी झाली की शेजारच्या पेशी ती चालवायला घेतात. नेदरलँड्समधले फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ दरम्यान ओटच्या कोंबांवर आपली प्रसिद्ध पद्धत बसवली, ती नंतर वापरताना कोंबाचं टोक दोनदा कापत, ते याचसाठी. एकदा कापायचं, काही तास थांबायचं, नव्यानं तयार झालेलं "टोक" पुन्हा उडवायचं आणि मगच ऑक्झिन भरलेला अगारचा (जेलीसारख्या पदार्थाचा) तुकडा एका कडेला ठेवायचा. दीड तासात कोंब किती अंशांनी वाकला यावरून तुकड्यात किती ऑक्झिन होतं ते काढायचं. निरोप म्हणजे झिरपणारं रसायनच असणार, हे वेंटच्या आधी डेन्मार्कचे बॉयसेन-जेन्सन आणि हंगेरीचे पाल यांनी दाखवलंच होतं. वेंटनं तो पदार्थ टोकातून अगारमध्ये उतरवून घेतला आणि मोजला.

तेव्हा चौथा गट तीन तासांच्या आत वाचा आणि मग विसरून जा.

या पायरीत एक गंमत दडलेली आहे आणि मला ती सगळ्या प्रयोगापेक्षा मोलाची वाटते. कोलिऑप्टाइलच्या टोकाला पेशी विभागणारा घुमट नसतोच. खरा घुमट नळीच्या आत, पार तळाशी बसलेला असतो. ज्या अवयवावरून जगाला ऑक्झिनचा पत्ता लागला, त्याच्या टोकात विभाजी ऊतीच नाही! "टोकाला पेशी विभागतात म्हणून तिथे संप्रेरक बनतं" ही सर्रास ऐकू येणारी जोडणी इथेच कोसळते. शिवाय मक्यासारख्या धान्यात या टोकातलं काही ऑक्झिन तर दाण्यातल्या साठ्यातून बांधलेल्या रूपात वर आलेलं असतं.

पायरी ३: घेवड्याचे गट

गहू झाला, आता खरा शेंडा. घेवड्याच्या रोपाला बीजदलांच्या वर दोन साधी पानं समोरासमोर येतात आणि त्यानंतर तीन पर्णिकांची पानं सुरू होतात. साध्या पानांच्या बगलेत एकेक डोळा असतो, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. आपल्याला त्याच्यावर पाळत ठेवायची आहे. साधी पानं पुरती उघडली आणि तिपानी नुकतं डोकावलं, साधारण दहा ते चौदा दिवसांत, की रोपं तयार.

प्रत्येक गटात सहा रोपं, सगळी एकाच उंचीची. किडकी, वाकडी, उशिरा आलेली आधीच बाजूला काढा. पुढे ती "अपवाद" म्हणून छळतात.

पहिला गट तसाच ठेवा. दुसऱ्याचं खोड साध्या पानांच्या जोडीच्या वर दीड-दोन सेंटिमीटर ठेवून कापा. अगदी जोडीला लागून कापू नका, कारण पुढच्या पायरीत त्या खुंटावर मलम लावायचं आहे. तिसऱ्या गटात शेंडा शाबूत ठेवायचा, पण दीड सेंटिमीटरपेक्षा लहान प्रत्येक पान चिमट्यानं काढायचं, आणि रोज नवं दिसेल तसं काढत राहायचं. चौथ्यात उलट: शेंडा आणि कोवळी पानं तशीच, मोठी साधी पानं देठापाशी कापायची, बगलेतला डोळा सांभाळून.

यातला तिसरा गट जिवावर येतो. रोज भिंग लावून बसायचं आणि हात जरा हलला की घुमटच निघून येतो. असं झालं तर ते रोप गुपचूप दुसऱ्या गटात ढकलू नका, नोंद करून बाद करा. सहापैकी चार नीट टिकली तरी खूप झालं.

रोज एकाच वेळी बगलेतल्या डोळ्यांची लांबी मोजा, दहा दिवस. दुसऱ्या गटात तीन ते पाच दिवसांत डोळे फुगून फुटायला लागतात आणि आठवड्यात चांगले धुमारे होतात. पहिला आणि चौथा गट सहसा शांत राहतो. तिसऱ्यात शेंडा जागेवर असूनही डोळे हलू लागतात. मुंडकं उडवलेल्या रोपांइतक्या जोरात नाही, पण हलतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ स्नो यांनी १९२९ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: खालच्या डोळ्यांना दाबून धरणारा अवयव म्हणजे कोवळं पान.

तिसरा आणि चौथा गट शेजारी शेजारी ठेवून फोटो काढून ठेवा. एकात टोक आहे पण कोवळी पानं नाहीत, दुसऱ्यात जून पानं नाहीत पण कोवळी आहेत. या लेखातला मुख्य मुद्दा या दोन कुंड्यांत मावतो.

पायरी ४: मलम

शेंडा कापल्यानं डोळे फुटले, पण ते ऑक्झिन कमी झाल्यामुळेच कशावरून? जखमेमुळे असेल, पाणी कमी उडून गेल्यामुळे असेल. म्हणून गेलेली वस्तू परत ठेवून बघायची. थिमान आणि स्कूग यांनी १९३३-३४ मध्ये बाकल्याच्या रोपांवर हे केलं. शेंडा कापला, जागेवर ऑक्झिन दिलं आणि बाजूचे डोळे दबलेलेच राहिले.

शुद्ध ऑक्झिन मिळालं असेल तर १० मिलिग्रॅम घ्या, अल्कोहोलच्या दोन-चार थेंबांत विरघळवा आणि २ ग्रॅम कोमट लॅनोलिनमध्ये घोटा. लॅनोलिन थेट आचेवर नको, वाटी गरम पाण्यात धरा. हे झालं ०.५ टक्क्याचं मलम. पावडर वापरणार असाल तर एक भाग पावडर, दोन भाग लॅनोलिन. ते बरंच सौम्य होईल, त्यामुळे परिणाम अर्धवट दिसला तर नवल मानू नका. हातमोजे घाला.

दुसऱ्या गटासारखीच आणखी बारा रोपं कापा. सहांच्या खुंटांवर ऑक्झिनचं मलम लावा, सहांवर नुसतं लॅनोलिन. नुसत्या लॅनोलिनमध्येही तेवढेच अल्कोहोलचे थेंब घाला, पावडर वापरली असेल तर तेवढीच साधी शंखजिऱ्याची पूड घाला. हा गट कंटाळवाणा वाटतो, पण तो नसेल तर सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही. मलम कापल्यानंतर लगेच लावा, उद्या नव्हे. दर दोन-तीन दिवसांनी खुंटाचा पातळसा काप काढून पुन्हा लावा. इंडोल ॲसिटिक आम्ल उजेडात लवकर निकामी होतं, म्हणून डबी फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. इतर दोन ऑक्झिनं जास्त टिकाऊ आहेत.

ऑक्झिनवाल्या खुंटांखालचे डोळे बराच काळ दबून राहतात आणि खुंट स्वतः काही वेळा टोकाशी सुजतो. नुसत्या लॅनोलिनवाले फुटतात.

मात्र इथे थांबून "ऑक्झिन हाच एकमेव हुकूम" असा निष्कर्ष काढू नका. ऑक्झिन खोडातून खाली तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकतं. उंच वाटाण्याच्या वेलीचा शेंडा कापला, तर कितीतरी खालचा डोळा काही तासांतच हलायला लागतो. ऑक्झिन कमी झाल्याची खबर तिथे तोवर पोचूच शकत नाही. २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या कामातून दिसलं, की पहिला इशारा साखरेचा असतो. कोवळा शेंडा खादाड असतो. तो गेला की त्याच्याकडे चाललेली साखर डोळ्यांकडे वळते आणि ते जागे होतात. फुटलेला डोळा पुढे वाढत राहणार की पुन्हा झोपणार, यात ऑक्झिनचा हात मोठा. कोवळी पानं संप्रेरकही बनवतात आणि अन्नही ओढतात, त्यामुळे तिसऱ्या गटातला परिणाम दोन्हींचा मिळून असतो. घरच्या प्रयोगात त्यांची फारकत होत नाही, तेवढं वहीत प्रामाणिकपणे लिहावं.

पायरी ५: उलटी काडी

बनतं वर, पण जातं कुठे? यासाठी सहज मुळं धरणाऱ्या झाडाच्या पेन्सिलएवढ्या जाडीच्या काड्या घ्या, पंधरा सेंटिमीटरच्या, तीन-चार डोळ्यांच्या. प्रत्येकीच्या मूळच्या वरच्या टोकाला कापल्या कापल्या दोरा बांधा. पानं काढल्यावर वर-खाली ओळखू येत नाही आणि "आपल्या लक्षात राहील" हे खरं नसतं.

अर्ध्या काड्या सुलट आणि अर्ध्या उलट, ओल्या मॉसमध्ये सैल गुंडाळून पारदर्शक पिशवीत उभ्या टांगा. काड्यांची लांबीभर हवा आणि ओल सारखी राहील असं बघा. दोन ते चार आठवड्यांत मुळं येतात. उलट टांगलेल्या काडीची मुळं बहुतेक करून वर असलेल्या टोकाला, म्हणजे दोरा नसलेल्या बाजूला येतात. जर्मनीचे फॉख्टिंग यांनी १८७८ मध्ये विलोच्या फांद्या उलट टांगून हे दाखवलं होतं. काडी तुम्ही कशीही धरा, ऑक्झिन शेंड्याकडून बुडाकडेच वाहतं, कारण त्याला पेशीबाहेर सोडणारी पिन नावाची प्रथिनं प्रत्येक पेशीच्या बुडाकडच्या भिंतीशी बसलेली असतात. पेशी उलटी टांगली म्हणून ती जागा लगेच बदलत नाहीत.

जमलं तर आणखी एक जोड लावा: काही काड्यांवर कोवळ्या पानांसकट शेंडा ठेवा, काहींचा काढा. मऊ खोडाच्या झाडांत हा फरक जास्त स्पष्ट दिसतो.

जिबरेलिन आणि बाकीची मंडळी

जिबरेलिनसाठी वेगळा मोठा प्रयोग नको. शाबूत रोपाच्या खोडावर पेनानं दर पाच मिलिमीटरला रेघ मारा आणि चार दिवसांनी रेघांमधलं अंतर मोजा. खालच्या रेघा होत्या तिथेच राहतात, वरच्या एक-दोन पेरांतल्या दूर सरकतात. जिबरेलिनचं काम याच ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यात चालतं, आणि त्याचा बराच भाग तिथे आणि शेजारच्या कोवळ्या पानांतच बनतो. हा कारखाना चालू ठेवायलाही वरून ऑक्झिन यावं लागतं. २००० च्या सुमारास वाटाण्यावर दाखवलं गेलं, की शेंडा कापला तर खालच्या पेरातलं क्रियाशील जिबरेलिन घटतं आणि खुंटाला ऑक्झिन दिलं तर ते पूर्वपदावर येतं. घुमटात मात्र जिबरेलिन मुद्दाम कमी राखलेलं असतं. तिथे ते वाढलं तर पेशी वेळेआधीच मोठ्या व्हायला लागतील.

हे संप्रेरक सापडलं ते रोगामुळे. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून लोळतात त्या रोगामागे एका बुरशीनं सोडलेला पदार्थ आहे, हे जपानचे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं. त्याला जिबरेलिन हे नाव याबुता यांनी १९३५ मध्ये दिलं.

सायटोकायनिन ऑक्झिनच्या उलट बाजूचं, डोळ्यांना उठवणारं. खोडातलं ऑक्झिन सांध्यांमधली सायटोकायनिनची निर्मिती दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब उठतो आणि डोळ्याच्या शेजारीच सायटोकायनिन बनू लागतं. हे २००६ मध्ये वाटाण्याच्या खोडावर दिसलं. तिसरा खेळाडू स्ट्रिगोलॅक्टोन, मुळांत आणि खोडात बनणारा. तो फुटवे रोखतो हे २००८ मध्येच पुढे आलं.

मग कात्री कुठे लावायची?

झाड भरगच्च व्हावं म्हणून शेंडा खुडताना अनेकजण फांदीचा वीतभर तुकडा घेतात. गरज नसते. संप्रेरकाचा मुख्य कारखाना वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांत, न उलगडलेल्या पानांत आहे. नखानं तेवढाच मऊ भाग खुडला तरी काम होतं आणि मोठी कमावती पानं झाडाकडेच राहतात. उलट, नुसतं सर्वांत वरचं टोक चिमटीनं कुरतडून खालची दोन कोवळी पानं ठेवलीत, तर डोळे उशिरा आणि अर्धवट फुटतात. कारखान्याची पाटी काढली, यंत्रं आत चालूच राहिली.

लांब फांद्यांच्या गुलाबाला खुडायचंच नसेल तर फांदी वाकवून आडवी बांधा. शेंडा जागेवर असूनही त्याची पकड ढिली होते आणि फांदीभर डोळे फुटतात. ताडाच्या कुळातल्या एकखोडी झाडांना मात्र हा न्याय लावू नका. त्यांना एकच शेंडा असतो, बगलेत फुटवा द्यायला डोळे नसतात. शेंडा गेला की झाड गेलं.

घेवड्याची दुसऱ्या गटातली रोपं दहाव्या दिवशी फेकू नका. दोन्ही बाजूंना धुमारे आलेले असतील आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा थोडा पुढे असेल. दोघांच्याही टोकाला आता स्वतःची कोवळी पानं आहेत. काही रोपांत पुढे गेलेला धुमारा मागच्याला दाबायला लागलेला दिसेल. अशा एका रोपात मोठ्याची फक्त कोवळी पानं काढा, दुसऱ्यात काहीच करू नका, आणि लहान धुमाऱ्याची लांबी आणखी आठवडाभर रोज लिहीत जा.